गोमुखच्या वाटेवरचा बांध आणि खारघरचे गोल दगड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नौपाड्यातले सात ज्येष्ठ नागरिक गंगोत्री-गोमुख करून आलो. भोजबासाजवळ वाटाड्याने दगडमातीचा एक लांबच लांब बांध दाखवला आणि म्हणाला, दोन-तीनशे वर्षांपूर्वी बर्फ इथपर्यंत होतं. तेव्हा तिथे मोजायला कोण बसलं होतं? की यात्रेकरूंना सांगायच्या गोष्टी आहेत या? फोटो पाठवतोय. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, वाटाड्याने थाप मारलेली नाही. तुमचा फोटो मी मोठा करून बघितला, त्यात डावीकडे तुमचा पिठ्ठू ज्या दगडाला टेकवलाय तो दगड एका खोलीएवढा आहे, त्याच्या बुडाशी मुठीएवढे गोटे आहेत आणि त्या गोट्यांच्या मधे राखाडी पिठासारखी बारीक माती गच्च बसलेली दिसते. सगळी गंमत त्या मातीत आहे. नदी असं कधीच करत नाही, ती चाळणीसारखी वागते, जोर असेल तिथे मोठे गोटे टाकते, जोर कमी झाला की वाळू आणि शेवटी गाळ. बर्फाला चाळता येत नाही, जे हाती लागलं ते सगळं एकत्र वाहून आणतं आणि वितळलं की जागच्या जागी टाकतं, म्हणून खोलीएवढा दगड आणि पीठ शेजारी शेजारी. भागीरथीचं पाणी तुम्हाला गढूळ राखाडी दिसलं असेल, तेही हेच, बर्फाखाली खडक खडकावर घासून पडलेलं पीठ.

शाळेत भूगोलात 'हिमोढ', म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, शिकलो होतो आपण, तोच हा. आता तो बांध तिथेच का झाला हे कळायला तुर्भ्याकडच्या खडी क्रशरचा पट्टा आठवा. पट्टा सतत पुढे चालत असतो आणि टोकाला खडी पडत असते, टोक एकाच जागी राहिलं तर तिथे ढीग वाढत जातो, आणि तेच टोक रोज थोडं थोडं मागे घेत गेलात तर खडी नुसती पसरते, ढीग होत नाही. हिमनदीचं तसंच आहे, म्हणजे बांध दिसला की समजायचं इथे बर्फाचं टोक बराच काळ थांबलं होतं, आणि दोन बांधांच्या मधल्या सपाट जागेचा अर्थ तिथून ते भरभर मागे गेलं. कडेचे बांध आणखी एक गोष्ट सांगतात. गोमुखाजवळ, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या आजच्या टोकाजवळ, दरीच्या दोन्ही अंगांना आजच्या बर्फाच्या कितीतरी वर धारदार कडेचे ढीग आहेत, तेवढ्या उंचीपर्यंत तेव्हा बर्फ भरलेलं होतं, म्हणजे हिमनदी नुसती लांब नव्हती, जाडही होती.

आणि हे शास्त्रज्ञांच्या आधी डोंगरात राहणाऱ्या माणसांना कळलं होतं याचं मला फार अप्रूप वाटतं. स्वित्झर्लंडमधला पेरोदँ नावाचा एक शिकारी, त्याने 1815 मध्ये शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितलं की आमच्या दरीतली हिमनदी पूर्वी खूप खालपर्यंत होती, कारण खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच जागी पडलेले मोठे दगड पाण्याच्या हातचं काम नाही. शार्पांतिएला तेव्हा ते पटलं नाही, पुढे पटलं, आणि 1840 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी हिमयुगावर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाने ऐकलं. तुमच्या वाटाड्याकडेही मी त्याच नजरेने बघतो.

आता मुख्य प्रश्न, वर्षं कुठून आली. एक पद्धत दगडफुलाची, हो तीच गोडा मसाल्यातली दगडफूल ज्या जातीची, लायकेन. खडक उघडा पडला की त्यावर त्यांचे गोल चट्टे वाढायला लागतात आणि ते अतिशय हळू वाढतात, त्याच दरीतल्या ज्या दगडांचं वय माहीत आहे त्यांच्यावरच्या चट्ट्यांवरून वाढीचा वेग काढायचा आणि मग बांधावरचा सगळ्यात मोठा चट्टा मोजायचा. काही शतकांसाठी हे चालतं. बांधावर उगवलेल्या जुन्या झाडाची वलयं मोजली तर बांध निदान तेवढा तरी जुना हे कळतं. हजारो वर्षांसाठी वेगळे उपाय. वाळूचा कण गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सर्गाने त्यात ऊर्जा साठत जाते आणि ऊन लागलं की ती पुसली जाते, म्हणून अंधारात नमुना काढून लॅबमध्ये त्यावर प्रकाश टाकला की शेवटचं ऊन कधी लागलं होतं ते काढता येतं, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत हे काम होतं. आणि मोठ्या दगडांसाठी बेरिलियम-10, म्हणजे बेरिलियम या धातूचं एक किरणोत्सर्गी रूप. बर्फाने दगड बांधावर आणून ठेवला की अवकाशातून येणारे किरण त्याच्यावर आदळत राहतात आणि त्यातल्या क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारगोटीत, हा बेरिलियम तयार होत राहतो, समुद्रसपाटीला एका ग्रॅममध्ये वर्षाला मोजून चारेक अणू, उंचावर त्याच्या अनेक पट. दगडाच्या माथ्यावरून छिन्नीने दोन-तीन सेंटिमीटर खरवडून घ्यायचं, दळायचं, अ‍ॅसिडने धुवायचं आणि अणू मोजायचे, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी सोय आहे. इथे फसगतही होते. दगड नंतर गडगडला असेल तर वय कमी निघतं, आधीच कुठे कड्यावर उघडा पडलेला असेल तर जास्त, म्हणून एका बांधावरचे अनेक दगड घेतात आणि सगळ्यांचं जुळलं तरच विश्वास ठेवतात.

या सगळ्यातून गंगोत्रीचं जे चित्र निघालं ते असं : मिलाप चंद शर्मा आणि ल्युइस ओवेन या अभ्यासकांनी 1996 मध्ये दाखवलं की सुमारे 60 हजार वर्षांपूर्वी हे बर्फ हर्सिलच्याही खाली झाला या गावापर्यंत होतं, म्हणजे तुम्ही गाडीने गेलात तो रस्ता कितीतरी किलोमीटर बर्फाखाली. नंतरच्या चाली, म्हणजे बर्फाचं टोक पुन्हा पुढे येणं, छोट्या छोट्या होत गेल्या, शेवटची काही शतकांपूर्वी, तिला त्यांनी भोजबासाचंच नाव दिलंय. 1935 पासून नकाशे आहेत, 1996 पर्यंत टोक अकराशे मीटरहून जास्त मागे गेलं.

इथे एक लक्षात घ्या, छोट्या चाली मोठ्या चालीच्या आत आहेत म्हणून आपल्याला दोन्ही दिसतात. उलटं झालं असतं, आधी छोटी आणि नंतर मोठी, तर मोठीने छोटीचा बांध चिरडून टाकला असता आणि आपल्याला पत्ताही लागला नसता. आणि चाल म्हणजे थंडीच असंही नाही, हिमालयात पावसाळ्याचा ओलावा वाढला, वर बर्फ जास्त पडलं, तरीही टोक पुढे येतं. जगभर बर्फाचा सर्वाधिक विस्तार 20 हजार वर्षांच्या आसपासचा, तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता आणि आपल्या ठाण्याच्या खाडीत भरती यायचा प्रश्नच नव्हता, पण गंगोत्रीची मोठी चाल त्याच्या खूप आधीची. म्हणून बांध बघून लगेच 'तेव्हा इतके अंश थंड होतं' असं म्हणणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

हे बांध ओळखता येणं जिवाशी संबंधित आहे हेही सांगतो. केदारनाथच्या वरचा चोराबारी ताल अशाच हिमोढाच्या आडोशाला साठलेला होता, 17 जून 2013 ला तो सैल दगडमातीचा बांध फुटला आणि खाली काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.

प्रश्न : हिमनदी मागे जाते म्हणजे ती उलटी डोंगरावर चढते का? — इयत्ता पाचवी, ऐरोली

उत्तर : नाही बाळा, बर्फ नेहमी उताराकडेच सरकतं, एक दिवसही उलटं जात नाही. वरून जेवढं येतं त्यापेक्षा खाली जास्त वितळलं की टोक मागे गेल्यासारखं दिसतं. आईला गॅसवर तव्यावर बर्फाची लादी पुढे सरकवायला सांग, आई सरकवते त्यापेक्षा लादी भरभर वितळली तर तिची कड कुठे जाते बघ. तव्याला हात लावू नकोस.

प्रश्न : खारघरला पांडवकड्याच्या बाजूला फिरताना मोठे मोठे गोल दगड दिसतात आणि रस्त्यासाठी कापलेल्या कड्यावर सरळ समांतर खाचा आहेत. मुलगी म्हणते इथे हिमनदी होती. खरं आहे का? — एक आई, खारघर

उत्तर : ताई, मुलीची नजर चांगली आहे, पण खारघरला हिमनदी कधीच नव्हती. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्यानंतर इथे बर्फ साठेल इतकी थंडी पडलेली नाही. ते गोल दगड कुठून वाहून आलेले नाहीत, जागेवरच झालेत, बेसॉल्टच्या चौकोनी तुकड्यात भेगांमधून पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन आत गोळा उरतो. मुलीला एका गोळ्याचा पापुद्रा नखाने काढून बघायला सांगा, निघेल. हिमनदीने आणलेला दगड अनेकदा खालच्या खडकापेक्षा वेगळ्या जातीचा असतो, इथे दोन्ही काळा पाषाणच. आणि कापलेल्या कड्यावरच्या उभ्या खाचा सुरुंगासाठी ड्रिल मारलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या आहेत, एकसारख्या अंतरावर असतात त्यावरून ओळखा.

मात्र तिला निराश करू नका, महाराष्ट्रात हिमनदीचे ओरखडे आहेत! चंद्रपूर जिल्ह्यात इरईला चुनखडकाचा एक जुना पृष्ठभाग आहे, त्यावर समांतर चरे आहेत आणि वर लहानमोठे दगड मातीत कालवल्यासारखा थर, फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1875 मध्ये त्याबद्दल लिहिलं. वय सुमारे 30 कोटी वर्षं, तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला गोंडवन या जुन्या महाखंडात अडकलेला होता आणि सह्याद्रीचा लाव्हा यायला अजून तेवीस-चोवीस कोटी वर्षं होती. ताडोबाला जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करा, चऱ्यांच्या बाजूला पेन ठेवून फोटो काढा म्हणजे माप कळेल, आणि मुलीला सांगा फोटो मला पाठव.