सिबिल दुरुस्तीचा व्यवसाय सुरू करायचा आहे. भांडवल किती लागेल आणि ग्राहकाकडून आगाऊ किती पैसे घ्यावेत?

आगाऊ? एक रुपयाही नाही. याच प्रश्नावरून माझी भागीदारी मोडली, म्हणून उत्तर लिहायला बसलोय. भांडवलाचं नंतर बघू.

२०२१ मध्ये मी आणि माझ्या मेहुण्याने मिरजेत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. मी आधी एका फायनान्स कंपनीत कागदपत्रं बघायचो, त्यामुळे सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या नोंदी, वाचता यायचा. मेहुण्याला बोलता यायचं. ‘सिबिल ७५०+, फक्त ३० दिवसांत’ असा फ्लेक्स त्याने छापून आणला. मला तो खटकला, पण वर्षभर मी त्याच्याखालूनच ये-जा केली, हेही खरं.

पुढच्या वर्षी कवठेमहांकाळकडचा एक टेम्पोवाला आला. द्राक्षं, भाजी वाहायचा. दुसरा टेम्पो घ्यायचा होता, बँकेने ६१८ स्कोअर बघून वाटेला लावलं होतं. मेहुण्याने १५ हजार आगाऊ घेतले. पावती नाही, नुसती वहीत नोंद. मग सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. उत्तर आलं, माहिती बरोबर आहे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकायला निघाला तेव्हा मी रिपोर्टची प्रिंट हातात घेतली.

मोटारसायकलचं कर्ज. महिन्यांचे चौकोन, म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकलाय त्याचा आकडा, ०००, ०००, ००० असे सरळ चाललेले. २०२० च्या ऑगस्टअखेर मोरेटोरियम (कोरोनात हप्ते पुढे ढकलायची सवलत) संपला आणि त्यानंतर ०३०, ०६१, ०९१. खाली स्टेटस ‘सेटल्ड’.

‘‘मग मिटलं न्हवं का ओ?’’ टेम्पोवाला म्हणाला आणि पिशवीतून कंपनीचं पत्र काढलं. चार घड्या पडलेलं, घडीवर फाटलेलं, वर ठळक अक्षरात ‘फुल अँड फायनल’. वसुलीची पोरं दारात यायला लागली म्हणून ३१ हजारांच्या जागी १८ हजार भरून गडी मोकळा झाला होता. त्याच्या लेखी विषय संपला होता. पुढच्या बँकेच्या लेखी त्याने १३ हजार बुडवले होते. म्हणजे नोंद खरी होती. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर आहे असं कळवल्याशिवाय सिबिल स्वतःच्या मनाने काही बदलू शकत नाही. २००५ चा कायदाच तसा आहे. शंभर डिस्प्यूट टाकले असते तरी उत्तर तेच आलं असतं.

राहिले होते १३ हजार. आम्ही त्याच्याकडून घेतले होते १५.

मी त्याला घेऊन कंपनीच्या शाखेत गेलो. सोडलेली रक्कम परत भरायला कुणी येतं यावर तिथल्या पोराचा विश्वासच बसेना. पैसे भरले, येणे-बाकी नसल्याचं पत्र घेतलं, दोन महिन्यांनी स्टेटस ‘क्लोज्ड’ झालं. (सगळ्याच कंपन्या असं ऐकत नाहीत. भरण्याआधी लेखी घ्या.) ०९१ चा चौकोन मात्र तिथेच राहिला. स्कोअर हळूहळू चढला आणि वर्षभराने एका सहकारी बँकेने टेम्पोला कर्ज दिलं. ३० दिवसांत ७५० वगैरे काही झालं नाही.

त्याचे १५ हजार मी माझ्या खिशातून परत केले. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, काम झाल्यावर पैसे कोण देतंय? आणि अमेरिकेत केवढा मोठा धंदा आहे हा, बघा जरा.’’ बघितलं. अमेरिकेत १९९६ चा कायदा आहे की क्रेडिट दुरुस्तीवाल्याने काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत. हे त्याला दिवाळीच्या फराळाला सांगितलं, तर ताट ठेवून उठला. आपल्याकडे या धंद्यासाठी तसा वेगळा कायदा नाही, एवढाच त्याचा मुद्दा.

तुमच्या धंद्याला जागा आहे ती चुकीच्या नोंदींत. सारख्या नावाच्या माणसाचं कर्ज, फेडलेलं पण अजून चालू दिसणारं कर्ज, कधीच न वापरलेल्या कार्डाची साठत गेलेली वार्षिक फी. यातलं सगळं ग्राहक स्वतः फुकट करू शकतो, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायचं. सिबिल धरून कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचा (ब्युरो) पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, एप्रिल २०२४ पासून. मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. लोक पैसे देतात ते शाखेत चकरा मारायला, अर्ज नीट लिहायला आणि तारखा लक्षात ठेवायला. मी रिपोर्ट वाचून दाखवायचे ३०० घेतो, वाचून झाल्यावर. बाकीचे नोंद बदलल्यावर. ग्राहकाचा ओटीपी, पासवर्ड कधीही घेऊ नका, रिपोर्ट त्याच्याच मोबाइलवर त्याच्याच हाताने काढायला लावा.

भांडवल म्हणाल तर लॅपटॉप, प्रिंटर, शॉप अ‍ॅक्टची नोंदणी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीही लागत नाही. गाळा घेऊ नका, मी सोडला, आता घरूनच करतो.

आता मेहुण्याच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर बायको वाचेल. काम झाल्यावर फोन न उचलणारे मला दरवर्षी भेटतात. नुसत्या या कामावर माझं घर चालत नाही, सोबत रिटर्न भरायची कामं करतो. मेहुण्याचं त्याच फ्लेक्सवर सांगलीत ऑफिस आहे, आणि माझ्यापेक्षा बरं चाललंय.

त्या १५ हजारांतला त्याचा निम्मा वाटा, साडेसात हजार, अजून यायचाय.