जुनं घर विकत घेणं आणि त्याची दुरुस्ती, अमेरिकेत दोन्हीसाठी एकच कर्ज मिळतं का?

मिळतं. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत १९२०च्या सुमाराचं घर स्वस्तात मिळतंय, पण छत गळतंय, स्वयंपाकघर निकामी आहे आणि बँक साधं गृहकर्ज द्यायला तयार नाही. अशाच घरांसाठी एफएचएचं, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेचं, २०३(के) कर्ज असतं. आम्ही आमचं घर त्यावरच घेतलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक विचारते, ग्रीन कार्ड आहे ना? २५ मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना, एफएचए कर्ज बंद झालंय. तुम्ही एच-१बीवर असाल तर फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी कंपनी) होमस्टाइल कर्जाची चौकशी करा. त्याला सरकारी विमा नाही, पण खरेदी आणि दुरुस्ती त्यातही एकत्रच होते.

एफएचए स्वतः पैसे देत नाही. कर्ज बँकेचंच असतं. ते बुडालं तर बँकेला भरपाई एफएचए देते. त्या विम्याचे पैसे मात्र आपण भरायचे: सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के आणि मग दरवर्षी, बहुतेकांना ०.५५ टक्के. डाउन पेमेंट दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर विम्याचा हा वार्षिक खर्च कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. तरीही क्रेडिट स्कोअर ५८० असला की ३.५ टक्के डाउन पेमेंटवर दुरुस्तीसकट सगळं बसतं, आणि हातात फार रोकड नसलेल्यांना दुसरीकडे हे मिळणं कठीण. फक्त घरात स्वतः राहायला हवं.

दुरुस्ती ७५,००० डॉलरच्या आत असेल आणि पाया किंवा भार पेलणाऱ्या भिंतींना हात लागणार नसेल, तर ‘लिमिटेड’ प्रकार पुरतो. नाहीतर ‘स्टँडर्ड’. त्यात एचयूडीच्या (अमेरिकेचं गृहनिर्माण खातं) यादीतला कन्सल्टंट घर बघून कामांची आणि खर्चाची यादी करतो.

खरी अडचण कॉन्ट्रॅक्टर मिळण्याची. दुरुस्तीचे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे बँकेने वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, असतात आणि मुख्यतः झालेल्या कामाचेच, तपासणीनंतर, टप्प्याटप्प्याने सुटतात. प्रत्येक वेळी दहा टक्के मागे ठेवतात. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात. हे ऐकून आम्हाला काहींनी सरळ नाही म्हटलं. ज्याने आधी २०३(के)ची कामं केली आहेत असाच माणूस शोधा, तोही घराचा करार करण्याआधी. बँकेलाही विचारा, अशी कर्जं नेहमी करता का? नवख्या बँकेकडे कागदपत्रांतच महिने जातात आणि विकणारा कंटाळतो.

अचानक निघणाऱ्या कामांसाठीची राखीव रक्कम दुरुस्तीच्या खर्चाच्या दहा टक्क्यांवर ठेवू नका, वीस धरा. एवढ्या जुन्या भिंतींत नॉब-अँड-ट्यूब वायरिंग (चिनी मातीच्या खुंट्या-नळ्यांवरून नेलेल्या जुन्या पद्धतीच्या विजेच्या तारा) निघू शकतं, आणि १९७८च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असण्याची शक्यता धरूनच चाला. अंगणात जमिनीखाली हीटिंग ऑइलची जुनी टाकी आहे का, हे घर घेण्याआधी तपासून घ्या. न्यू जर्सीत अशा टाक्या पुष्कळ सापडतात आणि गळकी निघाली तर माती साफ करण्याचा खर्च दुरुस्तीच्या बजेटलाही गिळतो.