टाळ्यांना आवक क्रमांक नसतो

फाटकावर ‘नूतनीकरणासाठी उद्यान बंद’ अशी पाटी लागली की माझ्याकडे पत्रांचा पाऊस पडतो. पाटी लागायच्या आधी मात्र एकही पत्र येत नाही. पुण्यात मुठेकाठच्या बागांबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

बागेच्या बैठकीत मी सूचना मांडली, टाळ्याही पडल्या. आता ती आराखड्यात येईल ना? (डेक्कन)

टाळ्यांना आवक क्रमांक नसतो. तीच सूचना एका पानावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान विभागात द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हरकतीची मुदत संपली असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं का? (कोथरूड)

कसली हरकत? उद्यानाच्या आरक्षणात बदल करायचा असेल तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. झाडं तोडायची असतील तर १९७५च्या वृक्ष कायद्याखाली जाहीर सूचनेपासून सात दिवस. सात! तेवढ्यात सोसायटीची मीटिंगसुद्धा ठरत नाही. आणि नुसतं ‘सुशोभीकरण’ असेल तर अशी ठरलेली मुदत नसते. निविदा निघायच्या आत पोहोचलात तर पोहोचलात. तेव्हा फॉरवर्ड बाजूला ठेवा, मूळ सूचना मिळवा आणि नगररचनेची कामं करणाऱ्या वकिलाला आजच दाखवा.

बागेत कुत्रा नेता यावा अशी सूचना करू का? (एरंडवणे)

करा. तोवर फाटकावरची पाटी पाळा.

सल्लागार म्हणतात, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत बाग चालते. मग उताराला भराव घालून जॉगिंग ट्रॅक, काँक्रीटच्या पायऱ्या आणि खाऊचे गाळे केले तर बिघडलं कुठे? पूर पंचवीस वर्षांतून एकदाच येतो ना? (सिंहगड रस्ता)

या ‘एकदाच’नं माझं डोकं उठतं, म्हणून जरा सविस्तर. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुरावरून आखतात, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. याचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की चोवीस वर्षं सुट्टी, असा नाही. दर पावसाळ्यात तेवढा पूर यायची शक्यता शंभरात चार असते, मग गेल्या वर्षी तो आलेला असो वा नसो. सलग पंचवीस वर्षं धरली तर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास जाते. तुमच्या गाळ्याचं आयुष्य त्याहून कमी असेल तर प्रश्न मिटला.

दुसरं असं, की निळ्या रेषेच्या आत बाग चालते ती पाण्याला वाट देते म्हणून. गवत आडवं होतं, पाणी वरून जातं, गाळ टाकून ओसरतं. भरावाचं तसं नाही. काठावर जेवढी माती चढवाल तेवढं नदीचं पात्र आवळतं, आणि अडलेलं पाणी वरच्या बाजूला फुगतं किंवा समोरच्या काठावर चढतं. तिथेही कुणीतरी राहतं. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आणि तुमच्याच सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत शिरलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘पूर म्हणजे पानशेत, आता तसं होत नाही’ हेही ऐकून झालंय. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं होतं. २०२४ला कुठलंही धरण फुटलं नव्हतं.

तिसरं, अंदाजपत्रकात ‘झुडपं काढणे’ अशी एक निरुपद्रवी ओळ असते. ती झुडपं बहुधा वाळुंज, करंज, शेरणी असतात. काठ धरून ठेवण्याचं काम ती फुकट करतात. ती उपटायची आणि मग पिचिंगला, म्हणजे काठाला दगड बसवायला, पैसे मोजायचे! पन्नास वर्षांवरचं झाड असेल तर २०२१च्या दुरुस्तीनं ते वारसा वृक्ष ठरतं, त्याची नोंद वेगळी करा.

तुम्ही मागायचं ते एवढंच: जलसंपदा विभागाच्या पूररेषा आणि बागेचा आराखडा, दोन्ही एकाच कागदावर, जमिनीच्या उंचीसकट. देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागा. उत्तराला तीस दिवस असतात, म्हणून आजच. मग तो कागद घेऊन नदीचं गणित कळणाऱ्या अभियंत्याकडे जा. माझ्याकडेही नको, मी झाडांची माणूस आहे.

आपल्याकडे साबरमतीसारखं का होत नाही? (शनिवार पेठ)

तिथे दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं, वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं. उन्हाळ्यात मुठेत काय वाहतं ते पुलावर नाक न दाबता उभं राहून बघा, मग पुन्हा विचारा.

एक पुरवठादार आमच्या बागेचा आराखडा मोफत करून द्यायला तयार आहे. घ्यावा का? (कर्वेनगर)

मोफत आराखड्यात त्याच्या गोदामातलं सगळं बसतं, तुमची बाग सोडून. संगीत कारंजं पहिल्या पुराच्या गाळानं बंद पडेल. कृत्रिम हिरवळ एप्रिलमध्ये दुपारी तापते, अनवाणी पोराला उभं करून पाहा. संगणकावरच्या चित्रात आभाळ निळं आणि झाडं वीस वर्षांची असतात, त्याला भुलू नका. ज्याचा माल विकण्यात वाटा नाही अशा उद्यानरचनाकाराला स्वतंत्र फी देऊन विचारा.

आम्हाला फक्त दोन बाक आणि एक दिवा हवाय. (नारायण पेठ)

सहभागी अंदाजपत्रक, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं पालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याची सोय. पुण्यात २००६पासून आहे. अर्जाची तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारा. ती दरवर्षी लोकांच्या हातून निसटते.

आईला व्हीलचेअरवरून नदी दिसेल अशा जागी नेता येत नाही. रॅम्पची मागणी कशी लिहू? (दत्तवाडी)

‘रॅम्प हवा’ एवढंच लिहिलंत तर घसरगुंडी मिळेल. उंचीच्या निदान बारापट लांबी लागते: सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. दोन्ही बाजूंना कठडे, वर-खाली वळायला सपाट जागा हेही लिहा. त्याआधी आईंना आणि त्यांच्या फिजिओथेरपिस्टना घेऊन एकदा जागेवर जा आणि नदी नेमकी कुठून दिसते ते त्यांनाच विचारा. नकाशावरची जागा बहुतेकदा झाडाआड असते.