दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा? संकेतस्थळावर दिसणारा वेळ तिकिटावरच्या वेळेशी जुळत का नाही?

अंतराचं गणित पक्कं असतं, घोळ होतो तो वेळेत. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे उदाहरण घेऊ.

अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, ग्रेट सर्कल. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन ४९.८३ अंश येतो. एका अंशाला १११.२ किमी धरले की सुमारे ५५४० किमी. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, तो सोडून द्या. स्प्रेडशीटमध्ये मात्र कोन अंशांतून रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदलून घ्या आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या. उत्तर भलतंच आलं, तर बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी राहिलेलं असतं.

आता वेळ. मोठ्या जेट विमानासाठी मी ताशी ८५० किमी धरतो. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला ५०० पुरे. भागाकार साडेसहा तास येतो आणि बरीचशी संकेतस्थळं तिथेच थांबतात. तिकिटावर मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढताना-उतरताना कमी पडणारा वेग, या सगळ्याचे मिळून किमान ५० मिनिटं वाढवा. छोट्या उड्डाणात हीच भर निम्म्याहून जास्त असू शकते, म्हणून तिथे नुसता भागाकार अगदीच फसतो.

वाऱ्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. या पट्ट्यात ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. समोरून ताशी १०० किमी वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ७५० उरतो आणि न्यूयॉर्कला जायला सव्वाआठ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असल्याने ६ तास ४० मिनिटांत काम होतं. वेळापत्रकात साधारण ८ आणि ७ तास दिसतात ते यामुळेच.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनहून ११ ला निघून न्यूयॉर्कला १४ वाजता पोहोचलात, तर ३ तास अधिक घड्याळातला ५ तासांचा फरक, म्हणजे ८ तास. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे सरकतात, तेव्हा काही आठवडे हा फरक ४ तासांचाच असतो.

आणि हवाई हद्द बंद असेल तर सूत्र कामाचंच नाही. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियोचा प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे १३ तासांवर गेला. अशा मार्गावर थेट वेळापत्रकातलाच वेळ घ्या.