मुंबईत यामाहा आर१५ बाईकचं मायलेज पडलंय, ट्यूनिंग करून घेऊ का?

नको. गाडी फ्युएल इंजेक्शनवाली आहे, कार्ब्युरेटरसारखा स्क्रू फिरवून मायलेज वाढवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला लांबूनच नमस्कार करा. पेट्रोल खातो तो साकीनाक्याचा ट्रॅफिक: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर रेंगाळणं आणि सिग्नलला चालू ठेवलेलं इंजिन. मोठा सिग्नल असेल तर बंदच करा. व्ही३ पासून पुढच्या मॉडेलमध्ये व्हीव्हीए (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हची उघडझाप बदलून जास्त ताकद देणारी सिस्टीम) साधारण ७,४०० आरपीएमला लागतो. ऑफिसला जाताना तिथवर खेचायचं काहीच कारण नाही, त्याच्या बरंच खाली गिअर बदला. (सी लिंक, कोस्टल रोड दुचाकीला बंद, त्यामुळे माहीमची गर्दी काही चुकत नाही.) टायरची हवा आठवड्याला बघा. आणि चेन! पावसाळ्यात ल्यूब धुऊन जातं, गाडी जड चालते आणि लोक दोष इंजिनला देतात.