सहाशे एकावी बाई

प्रिय लेकी,

हळदी-कुंकवाला जमलेल्या सगळ्या बाया 'दारूचं दुकान बंद झालंच पाहिजे' म्हणाल्या, आता आडवी बाटली नक्की, असं तू लिहिलंस. वाचून फार बरं वाटलं. पण त्या दिवशी तुला मिळाला तो होकार. होकार आणि मत यांत केवढं अंतर असतं, ते मी एकदा हरून शिकले.

आधी हिशोब बघ. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं आणि त्या सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. परवाना बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत. ही निम्मी झालेल्या मतदानातली नव्हेत, यादीतल्या एकूण बायांमधली. समज, यादीत 1200 बाया आहेत. तुला 601 लागतील. 590 जणी आल्या आणि सगळ्यांनी आडवीवरच शिक्का मारला, तरी दुकान उघडं राहतं. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत उभीलाच गेल्यासारखं.

म्हणून आज रात्री मतदार यादी घेऊन बस. सासरी गेलेल्या लेकींची नावं अजून माहेरच्या यादीत असतात, ऊसतोडीला गेलेल्यांची असतात, वारलेल्या म्हाताऱ्यांचीही असतात. ती सगळी 1200 मध्ये धरली जातात. आम्ही हे मतदानाच्या आठवडाभर आधी पाहिलं, आणि तेव्हा उशीर झाला होता.

आता माणसं. 'पाठिंबा द्या' असं म्हणू नकोस. पाठिंबा सगळेच देतात, त्याला काही लागत नाही. प्रत्येकीला तिला जमेल असं एखादं काम दे, आणि ते तिच्या नावावर लाव. पहिल्या भेटीत फक्त तिची सही माग. दुसऱ्या भेटीत म्हण, 'जावेला घेऊन या.' ती जावेला घेऊन आली की तिच्या गल्लीतली दहा घरं तिच्याकडे सोपव. जिने स्वतः दुसरीला समजावलं, ती सहसा मागे हटत नाही. दिलेलं काम झालं का, हे दोन दिवसांनी विचारायला मात्र तूच जायचंस.

आमच्याकडे पिठाच्या गिरणीवर एक बाई असायची. बैठकीत मागे बसायची, कधी तोंड उघडलं नाही. आमच्या पुढाऱ्या बाया भाषणं करत होत्या, तेव्हा मी तिच्याकडे यादीची वही ठेवली. दळण घेऊन अख्खं गाव तिच्याकडे येतं! कोणाची सही राहिली, कोण बाळंतपणाला माहेरी गेलीय, कोणाचा नवरा धमकावतोय, सगळं तिला ठाऊक. पुढच्या खेपेला आम्ही जिंकलो, ते माझ्या मते त्या वहीमुळे.

खरी गळती होते पडताळणीच्या दिवशी. सही अंगणात बसून करता येते. पडताळणीला मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधिकाऱ्यासमोर 'ही सही माझीच' असं सांगावं लागतं, आणि बाहेर दुकानवाल्याची माणसं उभी असतात. एकटीला कधीच पाठवू नकोस, गल्लीच्या गल्ली एकत्र ने. आणि प्रत्येकीला पुन्हा पुन्हा सांग की सही दिसते, पण मत कोणाला दिसत नाही. भित्र्या बाईला या एका वाक्याचा मोठा आधार असतो.

आजीबायांना कोऱ्या कागदावर दोन बाटल्या काढून शिक्का मारायचा सराव दे. घाईत उभीवर शिक्का पडलेला मी पाहिलाय. पाठीशी असलेल्या पुरुषांना घोषणा द्यायला लावू नकोस. त्या दिवशी पोरं आणि चूल सांभाळा, रोजावर जाणाऱ्या बाईचा खाडा भरून काढा, म्हाताऱ्यांना गाडीवरून आणा, ही कामं त्यांना दे.

आणि एक, हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतं. हातभट्टीची तक्रार पोलिसांकडे वेगळी द्यावी लागते. बायांना आत्ताच सांग, नाहीतर दुकान बंद होऊनही फसल्यासारखं वाटेल त्यांना.

पडताळणीची तारीख कळली की लगेच फोन कर. मी आदल्या दिवशी मुक्कामाला येते. यादी तयार ठेव, खाडाखोड केलेली चालेल.

तुझी,
ताई