वेगेत, म्हणजे शेअर फ्लॅटमध्ये, कुणी बोलत नाही म्हणतेस, पण आधी कार्डाची तारीख बघ

जर्मनीत माग्देबुर्गमधलं दुसरं सेमिस्टर, वेगेत तीन जर्मन मुलं, स्वयंपाकघरात 'हालो'च्या पुढे गाडी सरकत नाही, दिवसभर भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडीक, आणि "माझ्यातच काही खोट आहे का?" असं तू विचारलंयस. खोटबिट काही नाही. पण पोस्टच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंयस, की रेसिडेन्स कार्ड (राहण्याचा परवाना) लवकरच संपतंय आणि ते देणारं परदेशी नागरिकांचं ऑफिस मेलला उत्तर देत नाही, त्याबद्दल वरच्या एकाही प्रतिसादात कुणी चकार शब्द काढलेला नाही. मी तिथूनच सुरू करते. माझ्या वेळी ते ऑफिस आणि दोस्ती ही दोन प्रकरणं एकमेकांत चांगलीच गुंतली होती.

आन्मेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), विमा, बँक, ब्लॉक खातं (खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) यात शिरत नाही, ते तुझं झालेलंच असणार.

मी मास्टर्स पूर्वेकडच्याच एका मध्यम शहरात केलं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखीच्या पोरापोरींच्या फायली अजून त्याच ऑफिसात आहेत. कार्ड संपायच्या बरंच आधी ऑनलाइन अर्ज टाकला. लगेच आपोआप येणारं उत्तर आलं: अर्ज मिळाला, कृपया चौकशी करू नका, त्याने काम लांबतं. फोन आठवड्यातून दोन सकाळी घेणार म्हणे, आणि त्या दोन्ही सकाळी लाइन व्यस्त. प्रत्यक्ष गेले तर दारातला सिक्युरिटीवाला टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, विचारणार, टेर्मीन हवी तर मेल करा म्हणणार, आणि मेल केला की परत तेच आपोआप येणारं उत्तर. पाटीवर मात्र 'स्वागत' चांगलं बारा भाषांत लिहिलेलं. कार्ड संपलं.

आता कायदा असा आहे (मी वकील नाही, तुझ्या शहराची पद्धत वेगळी असू शकते, खातरजमा करून घे): मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असला, तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालू धरतात, कामाच्या परवानगीसकट. आउफएन्टहाल्ट्सगेझेत्सचं, म्हणजे परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्याचं, कलम ८१. पण हे सिद्ध करायला त्यांनी द्यायचा एक कागद असतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, आणि तोच ते देत नव्हते. माझ्या वेर्कष्टुडेंटच्या (शिकताना करायच्या अर्धवेळ) नोकरीतली एचआरची बाई सभ्यपणे म्हणाली, कायदा मला माहीत आहे हो, पण फायलीत कागद लागतो. नोकरी थांबली आणि पुढे गेलीच.

पैशाचं मी कसंबसं निभावलं. खरं गेलं ते दुसरंच. त्या नोकरीत साडेअकराच्या ठोक्याला अख्खा विभाग जेवायला उठायचा, जिन्यात दिसेल तो दिसेल त्याला 'माल्त्साइट' (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणायचा. माझ्याशी रोज जर्मनमधून बोलणारी माणसं एवढीच होती. ती गेली. मग हात आखडला, डोक्याला घोर, कुणी कुठे बोलावलं की "नाही जमणार". पुण्यात मैत्रिणी दार ठोठावून ओढून नेतात. इथे दोनदा नाही म्हटलं की माणसं त्या नाहीचा मान राखतात आणि तिसऱ्यांदा विचारत नाहीत. त्यांच्या लेखी तो आगाऊपणा. आपल्याला वाटतं, तुटक आहेत.

आपला ग्रुप काय म्हणत होता? "काही होत नाही गं, सगळ्यांचं असंच असतं, वाट बघ." ग्रुपला नावं ठेवत नाही. रात्री ताप आला तर क्रोसिन घेऊन तेच येणार, गणपतीला आरती त्यांच्याबरोबरच होणार. पण कायद्याचा सल्ला त्यांच्याकडून घेऊ नकोस. तिथे एकाचं 'माझं झालं' हे सगळ्यांसाठी नियम होऊन बसतं.

सुटलं कसं, तर वेगेतल्या मुलीमुळे. तोवर तिचा माझा संबंध फ्रिजवरच्या पुट्सप्लानपुरता, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांच्या तक्त्यापुरता, या आठवड्यात बाथरूम तुझं, पुढच्या आठवड्यात माझं. एका संध्याकाळी मी ती फाइल जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. तिने विचारलं, मी सांगितलं. तिने माझा मेल वाचला आणि हसायलाच लागली. मी 'आपल्या सोयीने', 'तसदीबद्दल क्षमस्व' अशा सुरात पानभर विनवण्या केल्या होत्या. तिने तो चार ओळींवर आणला: अर्जाची तारीख, कार्ड संपल्याची तारीख, नोकरी गेली, अमुक दिवसापर्यंत कागद द्या. विद्यार्थी परिषदेच्या, म्हणजे श्टूराच्या, मोफत कायदा सल्ल्यात एक ओळ वाढवून मिळाली: सबळ कारणाशिवाय तीन महिने निर्णय दिला नाही तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा लावता येतो. पत्र पोस्टाने गेलं, आइनश्राइबन (रजिस्टर्ड) करून, पोच हातात. नंतर ती माझ्याबरोबर ऑफिसातही आली. सोबत माणूस नेण्याचा हक्क प्रशासकीय कायद्यात आहे, त्याला बायश्टांड म्हणतात. सिक्युरिटीवाल्याला तिने हा शब्द ऐकवला आणि आम्ही आत. कागद मिळाला. नोकरी काही परत मिळाली नाही, आणि त्या ऑफिसने 'उशीर झाला' एवढंसुद्धा कधी म्हटलं नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं.

त्याच डिसेंबरात मी तिच्या घरी एर्त्सगेबिर्गं या डोंगराळ भागात होते. गावात एकूण एक खिडकीत मेणबत्त्यांची लाकडी कमान, आणि तिची आजी मला बटाट्याची सालं किती पातळ निघायला हवीत ते शिकवत होती.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घे: इथे नुसत्या गप्पांतून दोस्ती जमत नाही, कामातून जमते. 'कधीतरी भेटू' म्हणू नकोस. गुरुवारी सात वाजता थालीपीठ करतेय, येणार का, असं विचार, ते कॅलेंडर उघडतील. नेटवर्किंगच्या संध्याकाळी आणि इंटरनॅशनल पार्ट्या माझ्या मते वेळेचा अपव्यय, तिथे सगळे आपल्यासारखेच नवखे. त्यापेक्षा होखशूलश्पोर्टचा, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ-व्यायामाचा, एखादा कोर्स घे, सेमिस्टरभर त्याच वारी, तीच माणसं, आणि फीही फारशी नसते. पहिले काही आठवडे कुणी ढुंकून बघणार नाही. जात राहा.

आणि मदत माग. ही मुलं उगाच विचारपूस करणार नाहीत, पण सरकारी पत्र समोर ठेवलंस तर चष्मा लावून वाचतील. त्या ऑफिसांचा राग त्यांनाही आहेच, विषय आपोआप निघतो.

जाता जाता काही फुटकळ. वाढदिवसाचा केक आपणच न्यायचा, आणि आगाऊ शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकू नकोस. फोडणीआधी खिडकी उघड, स्मोक अलार्मने माझी वेगेत पहिली ओळख करून दिली होती. रुंडफुंकचं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरोंचं पत्र घाबरण्यासारखं नाही, ती दर घरामागे असते, माणसामागे नाही, चौघांत वाटून घ्या. सुट्टीत भारतात जायचं असेल तर त्या फिक्त्सिओन्सच्या कागदावर कलम ८१ परिच्छेद ४ वर खूण आहे ना ते बघूनच तिकीट काढ. परिच्छेद ३ असेल तर परत येताना अडकशील.

मुदतवाढीसाठी खर्चाची सोय दाखवायला लागते. मागच्या वेळी मी पाहिलं तेव्हा आकडा महिन्याला ९९२ युरो होता, नवा तपासून घे. अर्जाची पोच नसेल तर या आठवड्यातच पोस्टाने पाठव. कार्डाची नेमकी तारीख इथे लिही, त्या चार ओळींच्या पत्राचा मसुदा, माझं नाव-पत्ता वगळून, मी इथे पोस्ट करते.